कवींनीं उभारलेलें कवीचें स्मारक

१५९९ च्या जानेवारींत एडमंड स्पेन्सर हा इंग्रज कवि लंडनमध्यें मरण पावला, आणि वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रार्थनामंदिरांत, चॉसर कवीच्या थडग्याजवळ, त्याला मूठमाती देण्यांत आली. विल्यम कॅम्डेन या समकालीन इतिहासकारानें त्या प्रसंगाची हकीकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो कीं, शवपेटीबरोबर कवि चालत होते. त्यांनीं आपापलीं शोकगीतें थडग्यांत टाकलीं, आणि ज्या लेखण्यांनीं तीं लिहिलीं त्या लेखण्याहि त्यांच्या मागोमाग टाकल्या. कवीनें कवीला द्यावी अशी याहून हृद्य तिलांजलि क्वचितच कोणाच्या वांट्याला आली असेल. मात्र त्या गीतांत काय होतें तें त्या मातीलाच ठाऊक. १९३८ सालीं ॲबींतील जमीन उकरून त्यांचा शोध करण्यांत आला. तीं सांपडलीं नाहींत.

स्पेन्सरच्या मागून अडतीस वर्षांनीं, १६३७ च्या ऑगस्ट महिन्यांत, त्याच मंदिरांत आणखी एका कवीला पुरण्यांत आलें. त्याचें नांव बेन जॉन्सन. शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सन ते निराळे; ते पुढच्या शतकांतले. याहि खेपेस कवींनीं शोकगीतें लिहिलीं. परंतु तीं मातींत न टाकतां छापखान्याकडे धाडलीं, आणि १६३८ सालीं त्यांचें एक पुस्तक निघालें. त्या पुस्तकाची कथा आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. कवींचा समुदाय आपल्यांतील एकासाठीं शोक करतो, तेव्हां तो नेमकें कोणाचें स्मारक उभारीत असतो, असा प्रश्न त्या कथेमुळें मनांत उभा राहतो.

प्रथम ज्याच्यासाठीं हा शोक झाला तो पुरुष कसा होता तें पाहूं. जॉन्सन जन्मण्यापूर्वींच त्याचा बाप वारला होता. सावत्र बाप गवंडी होता. वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत त्याला गुरु लाभला तो वर उल्लेखिलेला कॅम्डेनच, आणि त्या गुरूचें ऋण त्यानें जन्मभर मानलें. पुढें त्यानें कांहीं काळ गवंडीकाम केलें, फ्लँडर्समध्यें शिपाईगिरी केली, आणि अखेर तो रंगभूमीकडे वळला. १५९८ सालीं द्वंद्वयुद्धांत त्यानें एका नटाला ठार केलें. लॅटिन वाचतां येणाऱ्या अपराध्याला त्या काळीं जी सवलत मिळे तिच्या आधारें तो फांसावरून वांचला. अंगठ्यावर डाग तेवढा बसला. असा हा उग्र, हट्टी, परंतु अफाट व्यासंगाचा मनुष्य 'व्होल्पोनी' आणि 'दि अल्केमिस्ट' यांसारख्या नाटकांनीं इंग्रजी विनोदी रंगभूमीचा अधिपति झाला. १६१६ सालीं त्यानें आपलीं नाटकें व कविता एका मोठ्या ग्रंथांत एकत्र करून त्याला 'कृति' असें भारदस्त नांव दिलें, तेव्हां नाटकांना 'कृति' म्हणतात काय, म्हणून लोक हंसले. त्याच वर्षीं राजा जेम्स यानें त्याला वर्षासन बांधून दिलें.

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर 'डेव्हिल' नांवाची एक खानावळवजा मद्यशाळा होती. तिच्यांतील 'अपोलो' या दालनांत जॉन्सनचा दरबार भरे. तेथील बैठकीचे नियम त्यानें स्वतः लॅटिनमध्यें लिहिले होते. तेथें येणारे तरुण कवि स्वतःला 'बेनचे पुत्र' म्हणवीत. १६२८ सालीं पक्षघातानें त्याला अंथरुणाला खिळविलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याचें 'दि न्यू इन' हें नाटक प्रेक्षकांनीं हाणून पाडलें. तरी हे पुत्र त्याला सोडून गेले नाहींत.

कवीच्या मरणानंतर इतर कवींनीं शोकगीतांचा संग्रह काढावा, ही चाल कांहीं नवी नव्हती. सर फिलिप सिडनी १५८६ सालीं लढाईंतील जखमेनें मरण पावला, तेव्हां ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनीं लॅटिन शोककाव्यांचीं पुस्तकें काढलीं. जॉन डनच्या कविता त्याच्या पश्चात् १६३३ सालीं छापल्या, तेव्हां पुस्तकाच्या शेवटीं मित्रांच्या विलापिका जोडल्या होत्या. परंतु या प्रकारांतला खरा आदर्श घालून दिला होता तो खुद्द जॉन्सननें. १६२३ सालीं शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा ग्रंथ निघाला, तेव्हां त्याच्या आरंभीं जॉन्सनची एक प्रशस्ति होती. आंधळ्या स्तुतीनें मृताचा गौरव होत नाहीं, हें तींत त्यानें प्रथमच बजाविलें. आपल्या या मित्राचें लॅटिन तुटपुंजें आणि ग्रीक त्याहूनहि कमी, हें सांगावयास तो कचरला नाहीं. आणि इतकें सांगून मग त्याला ग्रीस व रोमच्या नाटककारांच्या पंक्तीला, किंबहुना त्यांच्याहि वर, नेऊन बसविलें. ज्या तराजूनें दुसऱ्याला तोललें त्याच तराजूंत आतां जॉन्सनला बसावयाचें होतें.

१६३८ च्या त्या पुस्तकाचें नांव 'जॉन्सोनस व्हर्बियस'. हिपोलिटस हा राजपुत्र स्वतःच्याच रथाच्या घोड्यांकडून फरफटला जाऊन मेला. देवतांचा वैद्य एस्क्युलेपियस यानें त्याला पुन्हां जिवंत केलें, आणि तो 'व्हर्बियस' या नांवानें नवा जन्म जगूं लागला, अशी रोमन पुराणकथा आहे. त्या नांवाची फोड जुने पंडित 'दोनदां मनुष्य झालेला' अशी करीत. आपल्या 'द्विज' शब्दाची येथें सहज आठवण होते. सारांश, वैद्याची भूमिका कवींनीं स्वतःकडे घेतली होती. पुस्तकाचा संपादक ब्रायन डुप्पा हा एक विद्वान् धर्माधिकारी होता. बहुतेक काव्यें इंग्रजी, कांहीं लॅटिन, आणि ग्रीक भाषेलाहि त्यांत स्थान होतें. लेखकांत सरदार होते, पाद्री होते, ऑक्सफर्डचे तरुण पंडित होते, जॉन फोर्डसारखे नाटककार होते.

अग्रस्थानीं लॉर्ड फॉकलंड याचें गोपगीत आहे. दोन मेंढपाळ एकमेकांशीं बोलतां बोलतां गेलेल्या कवीचें स्मरण करतात. या मानामागें एक जुनें ऋण होतें. कांहीं वर्षांपूर्वीं फॉकलंडचा जिवलग मित्र हेन्री मॉरिसन ऐन तारुण्यांत मरण पावला, तेव्हां अंथरुणाला खिळलेल्या जॉन्सननें त्या दोघां मित्रांवर एक थोर काव्य लिहिलें होतें. आयुष्याचें मोल त्याच्या लांबीवर नसून त्याच्या सुघटितपणावर आहे, हा त्यांतला आशय. ज्याचें सांत्वन केलें होतें त्यानेंच आतां सांत्वन करणाऱ्यासाठीं अश्रु ढाळले.

इतरांच्या काव्यांतून तेच ते मुद्दे पुन्हां पुन्हां येतात. जॉन्सननें इंग्रजी भाषेला शिस्त लावली. रंगभूमीला नियम दिले. त्याचा विनोद म्हणजे समाजाला धरलेला आरसा, ज्यांत पाहून लोक चिडले आणि सुधारलेहि. त्याच्या हयातींत निंदक म्हणत कीं, तो फार सावकाश लिहितो आणि प्राचीनांची उचल करतो. त्या आक्षेपांनाहि येथें उत्तरें दिलीं आहेत. म्हणजे ही केवळ रडारड नव्हे. एका वाङ्मयीन पक्षानें केलेली ती मांडणी आहे. आणि तींत सामील झालेले सगळेच भाबडे भक्त नव्हते. 'दि न्यू इन' पडलें तेव्हां जॉन्सननें प्रेक्षकांना शिव्या देणारी एक कविता लिहिली, आणि ओवेन फेल्थम यानें त्याच छंदांत तिची टर उडविली. त्या फेल्थमचें काव्य या संग्रहांत आहे. जेम्स हॉवेल यानें सर थॉमस हॉकिन्स यांस लिहिलेल्या पत्रांत एका मेजवानीचें वर्णन आहे. सगळा बेत उत्तम होता, पण यजमान बेन स्वतःचीच बढाई मारूं लागला आणि मेजवानीची गोडी गेली, अशी त्यांत तक्रार आहे. हॉवेल व हॉकिन्स या दोघांचींहि काव्यें या पुस्तकांत आहेत. दोष ठाऊक असूनहि मान देणें, हाच त्यांचा गुरु त्यांना शिकवून गेला होता.

तरीहि एका बाबतींत या मंडळींची नजर चुकली. बेनबरोबर काव्यहि मेलें, असा सूर त्यांतल्या अनेकांनीं लावला आहे. आतां योगायोग पहा. ज्या ऑगस्टांत जॉन्सन वारला त्याच ऑगस्टांत, आयर्लंडकडे जाणारें एक जहाज फुटून केंब्रिजचा एडवर्ड किंग नांवाचा एक तरुण अध्यापक बुडाला. तो कांहीं नामांकित कवि नव्हता. त्याच्या स्नेह्यांनींहि १६३८ सालींच शोकगीतांचें एक लहानसें पुस्तक काढलें. त्यांतील अगदीं शेवटच्या काव्याखालीं 'जे. एम्.' एवढींच अक्षरें होतीं. तें काव्य 'लिसिडस', आणि तो कवि एकोणतीस वर्षांचा जॉन मिल्टन. जॉन क्लीव्हलंड या कवीचें नांव दोन्ही पुस्तकांशीं जोडलेलें आहे; परंतु त्यालाहि हा फरक उमगला असेल असें वाटत नाहीं. थोर कवीसाठीं लिहिलेल्या संग्रहांतलें आज विद्वानांखेरीज कोणी फारसें वाचीत नाहीं. आणि अप्रसिद्ध तरुणासाठीं लिहिलेलें तें एक काव्य इंग्रजी भाषेंतील विलापिकांचा मुकुटमणि ठरलें.

मग त्या मोठ्या संग्रहाचें मोल काय? तें समजावयास पांच वर्षें पुढें जावें लागतें. जॉन्सनच्या थडग्यावर भव्य स्मारक उभारण्याची योजना होती. राजा व पार्लमेंट यांच्यांतील यादवीमुळें ती बारगळली. अठराव्या शतकापर्यंत, बेन हा विरळा पुरुष होता अशा अर्थाच्या चार शब्दांची एक फरशी, एवढेंच त्याचें दगडी स्मारक. १६४२ च्या सप्टेंबरांत पार्लमेंटनें लंडनचीं नाट्यगृहें बंद केलीं. १६४३ च्या फेब्रुवारींत सिडनी गॉडोल्फिन डेव्हनमधील चकमकींत गोळी लागून पडला. शांततेसाठीं तळमळणारा फॉकलंड त्याच वर्षीं २० सप्टेंबरला न्यूबरीच्या रणांगणांत मेला; तो तेव्हां पस्तिशीच्याहि आंत होता. वर्ष संपण्यापूर्वीं ऑक्सफर्डमध्यें छावणीच्या तापानें डडली डिग्ज आणि विल्यम कार्टराइट हे दोघे गेले. एडमंड वॉलर कटांत सांपडून, जबर दंड भरून, देशोधडीला लागला. हे सर्व 'जॉन्सोनस व्हर्बियस'चे लेखक होत. ज्या बैठकींतून तें पुस्तक निघालें ती बैठकच मोडली.

म्हणून तो संग्रह आज हातीं घेतला म्हणजे जॉन्सनपेक्षां त्याच्याभोंवतीं उभी असलेली मंडळी अधिक स्पष्ट दिसते. जॉन्सनला वैद्याची गरजच नव्हती. त्याचीं नाटकें त्याला जिवंत ठेवावयास समर्थ होतीं. पुनर्जन्म मिळाला तो त्या मंडळाला. सरदार आणि गवंड्याचा सावत्र मुलगा, पाद्री आणि नाटककार, टवाळी करणारे आणि भक्त, हे सर्व केवळ काव्याच्या प्रेमानें एका पानावर आले होते, ही गोष्ट त्या पुस्तकावांचून कोणाच्या स्मरणांत राहिली असती?

आणि ती चाल तेथेंच थांबली नाहीं. १६५१ सालीं, राजाचा शिरच्छेद होऊन गेला होता आणि नाट्यगृहांचे दरवाजे बंदच होते, अशा वेळीं कार्टराइटचीं नाटकें व कविता एका प्रकाशकानें छापल्या. पुस्तकाच्या आरंभीं पन्नासांहून अधिक कवींचीं प्रशस्तिकाव्यें होतीं. कार्टराइट मरून तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. पराभूत झालेल्या त्या लोकांना सभा भरवितां येत नव्हती, नाटक करतां येत नव्हतें. एका मृत कवीच्या नांवाभोंवतीं जमणें मात्र अजून त्यांच्या हातीं होतें. बेनसाठीं जो रडला होता त्याच्यासाठीं आतां दुसरे रडत होते, आणि या खेपेसहि त्यांनीं लेखण्या मातींत टाकल्या नाहींत.