प्रशिक्षकपदाची उमेदवारी आणि व्हॅलेन्सियाचा धडा

उत्तम खेळाडू हा उत्तम प्रशिक्षक असतोच असे नाही, हे वाक्य क्रीडाविश्वात वारंवार ऐकू येते. त्याचे ठळक उदाहरण म्हणून इंग्लंडचा माजी बचावपटू गॅरी नेव्हिल याच्या व्हॅलेन्सियातील कारकीर्दीकडे बोट दाखवले जाते. मँचेस्टर युनायटेडकडून ६०२ सामने, आठ प्रीमियर लीग विजेतेपदे आणि इंग्लंडकडून ८५ सामने अशी नेव्हिलची कामगिरी होती. २०११ मध्ये निवृत्त झाल्यावर दूरचित्रवाणीवरील अभ्यासू विश्लेषक म्हणून त्याने नाव कमावले. २०१२ पासून तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षकही होता. मात्र, कोणत्याही क्लबचे मुख्य प्रशिक्षकपद त्याने सांभाळले नव्हते.

२ डिसेंबर २०१५ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया क्लबने त्याची मोसमाच्या अखेरपर्यंत नियुक्ती केली. क्लबचे मालक, सिंगापूरचे उद्योगपती पीटर लिम हे सॅलफर्ड सिटी या क्लबमध्ये नेव्हिलचे भागीदार होते. त्यामुळे गुणवत्तेपेक्षा मैत्रीला महत्त्व दिल्याची टीका पहिल्या दिवसापासून झाली. आधीच्या मोसमात चौथ्या स्थानी राहिलेला संघ त्या वेळी नवव्या स्थानी होता.

चॅम्पियन्स लीगमधील ल्यों संघाविरुद्धचा पहिलाच सामना व्हॅलेन्सियाने ०-२ असा गमावला आणि त्या स्पर्धेतील आव्हान संपले. स्पॅनिश लीगमध्ये पहिल्या विजयासाठी दहाव्या सामन्याची वाट पाहावी लागली. नेव्हिल स्वतः बचावपटू. तरीही लीगच्या १६ सामन्यांपैकी एकाही सामन्यात त्याच्या संघाला प्रतिस्पर्ध्याला गोलपासून रोखता आले नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी कोपा डेल रेच्या उपान्त्य फेरीत बार्सिलोनाने ७-० असा धुव्वा उडवला.

या अपयशात भाषेचा वाटा मोठा होता. नेव्हिलला स्पॅनिश अस्खलित येत नव्हते. पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोलता येते. पण सामना हातचा निसटत असताना खेळाडूंना चार शब्दांत धीर देणे दुभाष्याला साधत नाही. शिवाय मोसमाच्या मध्यावर संघ हाती आल्याने पूर्वतयारीचा काळ मिळाला नाही. सामन्यांची दाटी इतकी, की चार महिन्यांत २८ लढती झाल्या. अनुभवी प्रशिक्षक अशा वेळी जुन्या आडाख्यांवर विसंबतो. नवख्याकडे ती पुंजी नसते.

मग नवख्याला संधीच देऊ नये काय? त्याच मोसमात स्पेनमध्येच याचे उत्तर मिळाले. ३ जानेवारी २०१६ रोजी नेव्हिलच्या व्हॅलेन्सियाने रिअल माद्रिदला २-२ असे बरोबरीत रोखले आणि दुसऱ्याच दिवशी माद्रिदचे प्रशिक्षक राफा बेनिटेझ यांची गच्छंती झाली. त्यांच्या जागी आलेला झिनेदिन झिदानही वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद प्रथमच सांभाळत होता. पण तत्पूर्वी तो त्याच क्लबमध्ये कार्लो अँचेलोत्ती यांचा सहायक होता आणि नंतर त्याने राखीव संघ घडवला होता. तो माद्रिदकडून खेळलेला होता आणि भाषाही जाणत होता. त्याच्या हाताशी खेळाडूही अधिक सरस होते, हे मान्य करायला हवे. मे महिन्यात माद्रिदने चॅम्पियन्स लीग जिंकली.

नेव्हिलला मात्र ३० मार्च २०१६ रोजी पदावरून दूर करण्यात आले. २८ सामन्यांत १० विजय, ७ बरोबरी, ११ पराभव. त्यात लीगमधील विजय अवघे तीन. संघ चौदाव्या स्थानी घसरला होता आणि खालच्या श्रेणीत जाण्याच्या धोक्यापासून केवळ सहा गुण दूर होता. सहायक म्हणून आलेल्या पाको आयेस्तारान यांच्याकडे सूत्रे गेली आणि व्हॅलेन्सियाने बाराव्या स्थानी मोसम संपवला. नेव्हिल पुन्हा विश्लेषकाच्या खुर्चीत परतला. त्यानंतर त्याने एकाही क्लबचे प्रशिक्षकपद स्वीकारलेले नाही.

खेळातील चूक ओळखणे आणि ती चूक पंचवीस खेळाडूंकडून, त्यांच्याच भाषेत, दुरुस्त करून घेणे या दोन भिन्न विद्या आहेत. दुसरी विद्या कनिष्ठ संघांच्या मैदानावर, प्रसिद्धीच्या झोतापासून दूर शिकावी लागते. ती उमेदवारी नेव्हिलच्या वाट्याला थेट व्हॅलेन्सियात आली आणि तिची किंमत क्लबलाही मोजावी लागली.