वसंतातील सायंकाळचे आकाश : बोम्मसंद्रा येथून काय पाहावे?

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावर वसलेले बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहत म्हणून परिचित आहे. सुमारे १२.८ अंश उत्तर अक्षांशावरील या ठिकाणाहून दक्षिणेकडील असे काही तारे दिसतात, जे उत्तर भारतीयांना पाहता येत नाहीत. पावसाळी ढग येण्यापूर्वीचे एप्रिल व मे हे महिने त्यांच्या निरीक्षणासाठी योग्य मानले जातात.

एप्रिलच्या मध्यास रात्री ८ वाजता पश्चिम आकाशात मृग नक्षत्र मावळतीकडे झुकलेले असते. त्यातील तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे तारे सहज ओळखता येतात. त्याच्या डावीकडे आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध असून तो ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. नैर्ऋत्येस क्षितिजाजवळ तेजस्वितेत दुसऱ्या क्रमांकाचा अगस्त्य दिसतो. मघा तारा याच वेळी जवळजवळ डोक्यावर असतो.

ईशान्येस सप्तर्षी उगवलेले असतात. त्यांतील पुलह व क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे वाढवल्यास ध्रुवतारा सापडतो. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. त्यामुळे नागपूरला २१ अंशांवर असणारा ध्रुव येथे जेमतेम १३ अंशांवर दिसतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेल्यास नारिंगी स्वाती आणि त्यानंतर शुभ्र चित्रा आढळते. चैत्र महिन्याला या चित्रा नक्षत्रावरूनच नाव मिळाले आहे.

या ऋतूचे खरे आकर्षण म्हणजे त्रिशंकू. चार ताऱ्यांची ही आकृती मेच्या मध्यास रात्री सव्वानऊच्या सुमारास दक्षिणेस उभी दिसते. तिचा तळाचा तारा येथे १४ अंशांपर्यंत वर येतो. नागपूरला तो केवळ ६ अंशांवर असतो, तर दिल्लीच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते, हे लक्षात ठेवल्यास उंचीचा अंदाज घेणे सोपे जाते. त्रिशंकूच्या डावीकडे मित्रक व मित्र हे तारे आहेत. सूर्य वगळता नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये मित्र आपल्याला सर्वांत जवळचा असून त्याचे अंतर सुमारे ४.४ प्रकाशवर्षे आहे.

मात्र क्षितिजालगतचे हेच तारे शहरी प्रकाशात सर्वप्रथम लोपतात. कारखान्यांचे दिवे, महामार्गावरील वाहतूक आणि धूळ यांमुळे दक्षिण क्षितिज धूसर होते. भारतीय ताराभौतिकी संस्थेची २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण जवळपास याच अक्षांशावर, परंतु तमिळनाडूतील जवादी टेकड्यांमधील कावलूर येथे आहे. तेथील अंधार हे ती जागा निवडण्यामागील एक प्रमुख कारण होते.

निरीक्षकांनी अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. दक्षिणेकडे इमारत वा दिवा नसलेली सुरक्षित गच्ची शोधावी आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी २० मिनिटे द्यावीत. दुर्बिणीची आवश्यकता नाही. अनावश्यक दिवे मालवले आणि उरलेल्यांचा झोत जमिनीकडे वळवला, तर त्रिशंकू याही वसाहतीतून दिसू शकेल.