तळटीप १ : प्रायमरी की

१. प्रायमरी की : तक्त्यातली प्रत्येक नोंद नेमकी ओळखता यावी म्हणून ठरवलेला रकाना किंवा रकान्यांचा संच. एकच रकाना पुरेल का, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी मुंबई उपनगरातली मिळकत पत्रिका जरूर पाहावी. सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक तिथे मौजेवार, म्हणजे महसुली गावानुसार असतात. तोच क्रमांक बोरिवलीच्या मौजे एक्सरमध्ये सापडेल आणि घाटकोपरच्या मौजे किरोळमध्येही. तेव्हा ओळख पटते ती मौजे आणि क्रमांक मिळूनच. नुसत्या क्रमांकावर विसंबलेला डेटाबेस दोन मिळकतींची गल्लत करणारच.

पत्रिकेच्या खालच्या भागात दिनांक, व्यवहार, नवीन धारक, साक्षांकन असे रकाने असतात. विक्री झाली की तिथे नवी ओळ चढते, जुन्या धारकाची नोंद इतिहास म्हणून राहते. संगणकावर या ओळींचा वेगळा तक्ता करून तो फॉरिन कीने, म्हणजे मिळकतीच्या प्रायमरी कीचा हवाला देणाऱ्या रकान्यांनी, मिळकतीला जोडावा. मग अस्तित्वात नसलेल्या मिळकतीवर फेरफार चढवू पाहिल्यास डेटाबेस स्वतःच नकार देतो. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रारूपाचे हे बळ आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. — संपा.