तापीकाठची वीज : कोळशापासून सूर्यापर्यंत

आपल्या कतारगामसमोर, तापीच्या पलीकडच्या काठावर उत्राण आहे. तेथील वीज केंद्राचा ८५ मीटर उंचीचा कूलिंग टॉवर अनेक वर्षे लांबून दिसत असे. २१ मार्च २०२३ रोजी सुरुंग लावून तो पाडण्यात आला आणि काही सेकंदांत जमीनदोस्त झाला. नैसर्गिक वायूवर चालणारा तेथील १३५ मेगावॅटचा जुना संच त्याआधीच बंद झाला होता. "आता कोळसा-गॅसचे दिवस संपले का?" असे त्या वेळी मंडळातील काही तरुणांनी विचारले होते. थोडक्यात उत्तर असे की संपलेले नाहीत, पण बदल सुरू झाला आहे. तो कोठे कसा होत आहे आणि आपल्या घरापर्यंत कसा येतो, याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र देत आहे.

दोन शब्दांचा अर्थ

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू ही जीवाश्म इंधने होत. ती तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात आणि जाळली की संपतात. शिवाय त्यांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीचे तापमान वाढते. ऊन, वारा, वाहते पाणी, शेण-सांडपाण्याचा वायू व जमिनीतील उष्णता यांना अक्षय किंवा नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. अणुऊर्जा या दोन्हींत बसत नाही. तिच्यात धूर नाही, पण इंधन खाणीतूनच येते.

आपल्या नदीवर सर्व प्रकार

आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ गाव खानदेशात आणि पोट सुरतेत. तापीही तोच प्रवास करते. तिच्या काठाने निघाले तर विजेचा सगळा इतिहास वाटेत भेटतो.

- दीपनगर (भुसावळ) : कोळशावरील मोठे औष्णिक केंद्र.
- उकाई : धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. येथे ७५ मेगावॅटचे चार जलविद्युत संच आहेत, आणि शेजारीच कोळशाचे औष्णिक केंद्रही आहे.
- काकरापार : अणुवीज केंद्र. २२० मेगावॅटचे दोन जुने संच आहेत. ७०० मेगावॅटच्या दोन नव्या संचांतून २०२३ व २०२४ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले.
- सुरत : अंजना येथील मलशुद्धीकरण केंद्रात महानगरपालिकेने २००३ पासून सांडपाण्याच्या वायूवर वीज तयार केली. पुढे पालिकेने सौराष्ट्राकडे पवनचक्क्याही उभारल्या.
- साक्री (धुळे) : ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि साक्री तालुक्यातच महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे.

इतर देशांनी काय केले?

प्रत्येक देशाने आपल्याजवळ जे होते त्यावर भर दिला.

*ब्रिटन :* कोळशावरील सार्वजनिक वीज केंद्र १८८२ मध्ये लंडनला सुरू झाले. शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. समुद्रातील पवनचक्क्यांचा मोठा आधार मिळाला, मात्र गॅस अजून वापरात आहे.

*डेन्मार्क :* १९७३ च्या तेलसंकटात हा देश पोळला आणि वाऱ्याकडे वळला. आज तेथील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते.

*जर्मनी :* एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद करण्याचा कायदा आहे. खाणकामगारांच्या भागांसाठी सरकारने वेगळा निधी ठेवला आहे, हे विशेष.

*आइसलँड व नॉर्वे :* पहिल्याकडे जमिनीतील उष्णता व धबधबे, दुसऱ्याकडे जलविद्युत. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. तरीही तो देश तेल आणि वायू निर्यात करतोच.

*चीन :* जगातील निम्म्याहून अधिक कोळसा एकटा वापरतो, आणि जगातील बहुतांश सौर पॅनेलही तोच बनवतो.

भारताचा हिशेब

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता हे दुसरे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म झाली. ही बातमी वाचून अनेकांचा समज झाला की निम्मी वीज आता उन्हा-वाऱ्याची आहे. तसे नाही.

बँकेच्या भाषेत सांगतो. मंजूर कर्जमर्यादा आणि प्रत्यक्ष उचल यांत फरक असतो. क्षमता ही मर्यादा, तयार झालेले युनिट ही उचल. सौर पॅनेल रात्री काम करत नाही, वारा आपल्या मर्जीने वाहतो. त्यामुळे प्रत्यक्ष विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाटा अजून कोळशाचाच आहे. म्हणून तर आपल्या सुरत-भुसावळ मार्गावर कोळशाच्या वाघिणी दिसत राहतात. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवण्याची सोय, म्हणजे मोठ्या बॅटऱ्या व पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प, जशी वाढेल तसाच कोळसा कमी होईल.

किंमत कोण मोजतो?

हा प्रश्न आपल्या समाजाला जवळचा आहे. पांडेसरा-सचिनच्या डाइंग मिलना केवळ वीज नाही, वाफ लागते, आणि बॉयलरमध्ये मुख्यतः कोळसाच जळतो. आपली कित्येक मुले तेथे पाळीवर जातात. इंधन बदलताना त्यांच्या रोजीचा विचार आधी व्हायला हवा.

जमिनीचेही तसेच. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला अपुरा म्हणून ते दाद मागत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतले व त्यातच त्यांचा अंत झाला. ऊर्जा कितीही स्वच्छ असो, ज्याची जमीन जाते त्याचा हिशेबही स्वच्छ असलाच पाहिजे.

आपल्या गच्चीवर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना सुरू झाली. योजनेतील मुख्य आकडे असे :

- १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये, ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान.
- सोसायटीच्या सामायिक वापरासाठी (लिफ्ट, पाण्याची मोटर वगैरे) प्रति किलोवॅट १८,००० रुपये.
- १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. रोज सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटमधून महिन्याला सुमारे ३६० युनिट, पावसाळ्यात कमी.

अर्ज करण्यापूर्वी चालू नियम अधिकृत पोर्टलवर पाहून घ्यावेत.

आमच्या सोसायटीत हा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला. वरच्या मजल्यावाल्यांना गच्ची गळण्याची भीती होती, तर भाडेकरूंचा प्रश्न होता की "आम्हाला काय मिळणार?" तो प्रश्न रास्त होता. तिसऱ्या सभेत मी एका कागदावर खर्च, अनुदान, कर्जाचा हप्ता आणि वाचणारे बिल मांडले. पॅनेल फक्त लिफ्ट व मोटरसाठी घ्यायचे आणि बचत देखभाल वर्गणीत सर्वांना सारखी वळती करायची असे ठरले. भाडेकरूही वर्गणी भरतात, त्यामुळे त्यांचाही वाटा आला. ठराव एकमताने मंजूर झाला.

ज्यांना आपल्या सोसायटीसाठी असा हिशेब मांडायचा आहे त्यांनी मागील बारा महिन्यांची बिले घेऊन मंडळात यावे. कागद-पेन्सिल घेऊन सोबत बसू.