भारतीय दंडविधानातील जाळपोळीच्या गुन्ह्याची प्रतवारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्राचीन भारतीय विधिपरंपरेत आग लावणाऱ्यास अत्यंत कठोर शासन सांगितले आहे. कुरण, शेत, खळे, घर अथवा वन पेटविणाऱ्यास अग्नीतच जाळावे, असे कौटिलीय अर्थशास्त्रात म्हटले आहे. शेत व घर यांच्या शिक्षेत तेथे भेद नाही. हा भेद १८६० च्या भारतीय दंड संहितेने केला. ही संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली.

संहितेतील प्रतवारी त्रिस्तरीय होती. निष्काळजीपणाने अग्नी हाताळून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास कलम २८५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होती. हेतुपुरस्सर किंवा परिणामाची जाणीव असताना आग लावून १०० रुपयांचे, शेतमालाच्या बाबतीत १० रुपयांचे, नुकसान केल्यास कलम ४३५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. निवासाची, उपासनेची वा मालमत्ता ठेवण्याची वास्तू नष्ट करण्यासाठी आग लावणाऱ्यास कलम ४३६ नुसार दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेप होती. १९५५ च्या दुरुस्तीपूर्वी जन्मठेपेच्या जागी काळ्या पाण्याची शिक्षा होती.

येथे एक बाब लक्षणीय ठरते. कलम ४३५ पैशांत मोजते. कलम ४३६ मात्र वास्तूचा वापर पाहते. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने मजुराची झोपडी व सावकाराचा वाडा समान ठरतात. प्रत्यक्षात मात्र हे संरक्षण दुर्बलांपर्यंत पोहोचतेच असे नाही. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. अशा अत्याचारांना आळा घालण्यासाठी झालेल्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींची निवासस्थाने, उपासनास्थाने वा मालमत्तेच्या वास्तू जाळणाऱ्या बिगर-अनुसूचित व्यक्तीस जन्मठेप व दंड सांगितला. दहा वर्षांचा पर्याय ठेवला नाही. पीडिताचे सामाजिक स्थान हाही प्रतवारीचा निकष झाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ ने रुपयांची जुनी मर्यादा काढून टाकली. वास्तूविषयीची कठोर शिक्षा कायम ठेवली. दीडशेहून अधिक वर्षांत चलनाचे मूल्य घसरल्याने ती मर्यादा अर्थहीन झालीच होती. यावरून असे दिसून येते की, जळालेल्या वस्तूच्या किमतीपेक्षा माणसाचा आसरा हिरावला जाणे, हेच या गुन्ह्याच्या गांभीर्याचे टिकाऊ माप ठरले आहे.