विजयदुर्गचा कट्टा, औंढ्याची नळी

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा उभ्या राहणार आहेत. अशा नळीची गळती शोधायला बाहेरून हेलियम फवारतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेतूनही तो आत शिरतो आणि यंत्राच्या तावडीत सापडतो.

या हेलियमच्या शोधाची जन्मकथा कोकणी माणूस विजयदुर्गच्या 'साहेबाच्या कट्ट्या'वर नेऊन ठेवतो. गोष्ट झकास, पण १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते गुंटूरला, आणि दुसरे खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधून टिपली.

पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमझे यांना १८९५ साली मिळाला, तोही युरेनियमच्या खनिजात. त्याच युरेनियमच्या साखळीतला रेडॉन वायूही हेलियमसारखा उदासीनच, पण किरणोत्सारी. अनेक देशांत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण तोच आहे.