शब्दांचा खेळ : मकतबापासून वर्गापर्यंत

वाचकहो, खानदेशातील उर्दू शाळेत प्रथमच पाऊल टाकणारे मूल डोळ्यांसमोर आणा. घरची बोली एक, पुस्तकातील उर्दू दुसरी, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी! एवढे शब्द छडीच्या धाकाने कसे यावेत? यावर आपल्या पूर्वजांनी एक उपाय शोधला होता.

तेराव्या शतकात अबू नस्र फराही यांनी फारसी बोलणाऱ्या मुलांना अरबी शब्द यावेत म्हणून ‘निसाबुस्सिब्यान’ पद्यात रचले. हिंदुस्थानातील मकतबांत तेच कार्य ‘खालिक बारी’ने केले. तिच्यात अरबी-फारसी शब्दांशेजारी हिंदवी प्रतिशब्द गुंफले आहेत. परंपरा ती अमीर खुसरोंची मानते. संशोधक हाफिज महमूद शिरानी यांनी मात्र ती जहांगीरकालीन झियाउद्दीन खुसरोंची ठरविली. गालिबसारख्या महाकवीलाही मुलांसाठी ‘कादिरनामा’ लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ कारभारासाठी होता, मुलांसाठी नव्हे; परंतु शब्दाला प्रतिशब्द जोडून पद्यात बांधण्याची युक्ती तीच.

तालावर म्हटलेला शब्द जिभेवर बसतो. खेळात वापरलेला तर विसरतच नाही. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शेर म्हणण्याची बैतबाजी आणि मराठी मुलांच्या भेंड्या या एकाच जातीच्या.

आता आपल्या भूमीकडे पाहा. थाळनेर आणि बुऱ्हाणपूर या फारुकी सुलतानांच्या राजधान्या. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. अशा राजवटींच्या फारसी दप्तरांतून कितीतरी शब्द मराठीत येऊन तिचेच झाले. कुर्सीची खुर्ची झाली, कागजचा कागद, हाजिरचे हजर आणि होशियारचे हुशार!

मग शिक्षकांनी हेच शब्द पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून मुलांना जोड्या का लावू देऊ नयेत? एकाने उर्दू शब्द उचलावा, दुसऱ्याने त्याचा मराठी भाऊ शोधावा. खर्च काहीच नाही, लाभ मात्र मोठा. मराठी कच्ची राहिलेला आपला हुशार मुलगा पुढे नोकरीचा अर्ज लिहिताना अडखळतो, हे आपण पाहतोच. त्याला कोणी बालपणीच खेळता खेळता सांगायला हवे होते की, ‘अर्ज’ हा शब्दही त्याच्या घरचाच आहे.